सोलापुरातील सुतारकाम

सोलापूर शहर व जिल्ह्यात घराची चौकट, दारे-खिडक्या, देव्हारा, पलंग, कपाट, पाळणा, शेतीची अवजारे इत्यादी लाकडी वस्तू गिऱ्हाइकाच्या मापाप्रमाणे व मागणीप्रमाणे घडवून देण्याच्या व्यवसायास सुतारकाम म्हणतात. बलुतेदारीच्या काळात हा व्यवसाय धान्याच्या मोबदल्यावर चाले. आज तो रोजंदारी, ठेका व चौरस फुटाचा दर या तीन पद्धतींनी चालतो. कारखान्यात तयार झालेले फर्निचर बाजारात सहज मिळत असले, तरी घराच्या मापात बसणारी वस्तू हवी असलेले गिऱ्हाईक आजही सुताराकडेच जाते. या व्यवहारात वस्तू तयार होण्यापूर्वीच पैसे व विश्वास दोन्ही गुंतवावे लागतात. त्यामुळे लाकडाची पारख, मोजमापाची रीत आणि कराराचे स्वरूप यांची माहिती गिऱ्हाईक व कारागीर या दोघांनाही आवश्यक ठरते.

नाव

‘सुतार’ हा शब्द संस्कृत ‘सूत्रधार’ या शब्दावरून आला आहे. लाकडावर रंगीत सूत ताणून सरळ रेघ उमटवणारा तो सूत्रधार. काव, काजळी किंवा निळीत भिजवलेली दोरी दोन टोकांना धरून मध्ये उचलून सोडली, की लाकडावर कापणीची रेघ उठते. ही रीत अद्याप चालू आहे. ‘सुतासारखा सरळ’ हा वाक्प्रचार याच दोरीची आठवण करून देतो. सोलापूर हे मराठी, कन्नड व तेलुगू या तिन्ही भाषांचे शहर असल्याने एकाच कारागिराला मराठी घरात सुतार, कन्नड घरात बडगी आणि तेलुगू घरात वड्रंगी म्हटले जाते. ‘मिस्त्री’ हे संबोधन मात्र सर्वांना समान आहे. समाज म्हणून सुतार स्वतःला विश्वकर्म्याचे वंशज मानतात. महाराष्ट्रात विश्वकर्मा जयंती माघ शुद्ध त्रयोदशीस साजरी होते, आणि खंडेनवमीला हत्यारांची पूजा करून त्या दिवशी ती चालवीत नाहीत. जुने सुतार अमावास्येलाही काम बंद ठेवतात. बाहेरगावाहून आलेल्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसले, तर दर महिन्याला एक दिवस कारागीर का आला नाही याचे कोडे पडते.

बलुतेदारीतील सुतार

गावगाड्यात बलुतेदारांच्या ज्या तीन ओळी मानल्या जात, त्यांपैकी पहिल्या म्हणजे थोरल्या ओळीत सुताराचे स्थान होते. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन आले आहे. नांगर, कुळव, पाभर, तिफण ही अवजारे नीट ठेवणे हे सुताराचे मुख्य काम होते. लाकूड शेतकऱ्याचे आणि श्रम सुताराचे, असा हिशेब असे, आणि वर्षभराच्या श्रमांचा मोबदला सुगीत खळ्यावर पेंढ्या व धान्याच्या रूपाने मिळे. गाडी किंवा घराची चौकट यांसारख्या नव्या कामाची मजुरी वेगळी ठरत असे.

सोलापूर जिल्हा हा मुख्यतः रब्बी ज्वारीचा प्रदेश आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या ज्वारीची पेरणी ज्या तिफणीने वा पाभरीने होई, तिच्या फणांमधील अंतर सुताराच्या हातात असे. ते अंतर चुकले तर पुढे कोळप्याची पास ओळींतून नीट जात नसे आणि त्या चुकीचे परिणाम शेतकऱ्याला पीक निघेपर्यंत भोगावे लागत. अवजारांसाठी या भागात मुबलक मिळणारी बाभूळ वापरली जाई. तोडलेले ओंडके काही महिने ओढ्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवीत. त्यामुळे लाकडातील रस निघून जाई आणि पोखरणाऱ्या किड्यांचा उपद्रव कमी होई.

विसाव्या शतकात लोखंडी नांगर आले. किर्लोस्करवाडी येथे १९१० पासून उभ्या राहिलेल्या किर्लोस्करांच्या कारखान्याचा त्यात मोठा वाटा होता. पुढे ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले, आणि गावच्या सुताराचे निम्म्याहून अधिक काम लोहाराच्या व वेल्डिंगच्या दुकानात गेले. अनेक कुटुंबांनी शहराची वाट धरली. बलुत्याची पद्धत संपली, तरी ‘लाकूड तुमचे, हात आमचे’ ही तिची अट शहरातील मजुरीच्या ठेक्यात टिकून राहिली आहे.

माळवदाचे घर व सुतार

सोलापूर, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट या भागांतील जुनी घरे माळवदाची आहेत. माळवद म्हणजे सपाट मातीचे छप्पर. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या लहान ढलप्या म्हणजे किलचा, आणि त्यांवर पाला व पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असते. सधन घरांत किलचांऐवजी फळ्यांचा कडीपाट असे. या मातीच्या थरामुळे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर गेला तरी आतली खोली गार राहते. घराचे माप चौरस फुटांत न सांगता खणांत सांगत. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. घर किती खणांचे हे सुताराला मिळालेल्या लाकडाच्या लांबीवर ठरत असल्याने घराचा आराखडा प्रत्यक्षात गवंड्याच्या आधी सुतार आखीत असे.

मुख्य दाराची चौकट उभी करणे हा आजही घरबांधणीतील एक विधी आहे. मुहूर्त पाहून चौकटीची पूजा होते, गणेशपट्टीला हळदकुंकू लावतात आणि सुताराला टॉवेल-टोपी व नारळ देऊन त्याचा मान करतात. सिमेंटच्या घरातही, इतर सर्व दारे बाजारातील तयार असली, तरी ही एक चौकट सागवानी व घडवून घेतलेली असावी असा आग्रह पुष्कळ कुटुंबे धरतात.

माळवदाची घरे पाडली जाऊ लागल्यापासून जुन्या लाकडाचा मोठा व्यापार उभा राहिला आहे. शंभर वर्षे सुकलेले सागवान वाकत किंवा आकसत नाही, म्हणून जाणकार सुतार ते आनंदाने घेतात. मात्र त्यात जुने खिळे राहिलेले असतात आणि यंत्रावर चढवण्यापूर्वी ते काढले नाहीत तर पाते तुटते. नक्षीचे खांब व दारे शहरांतील उपाहारगृहांच्या शोभेसाठी विकली जातात. त्याच घराच्या पुढच्या पिढीला देव्हाऱ्यापुरते लाकूडही उरत नाही, असे अनेकदा घडते.

सोलापूरच्या कापडधंद्याशीही सुताराचा संबंध होता. हातमाग हे मूलतः लाकडी यंत्र आहे. त्याची चौकट, पावड्या, धोट्याची पेटी यांची घडण व दुरुस्ती करणारे हात शहराच्या पूर्व भागातील विणकर वस्तीला कायम लागत. यंत्रमागांनी ती गरज बहुतांशी संपवली.

हत्यारे

तासण्यासाठी वाकस, कापण्यासाठी करवत, गुळगुळीत करण्यासाठी रंधा, खाच पाडण्यासाठी पटाशी व किकरे, भोक पाडण्यासाठी सामता आणि गिरमिट, काटकोन पाहण्यासाठी गुण्या, कडेला समांतर रेघ ओढण्यासाठी खतावणी, ही सुताराची परंपरागत हत्यारे होत. जुना सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून धरून काम करी. आता विजेवर चालणारी गोल करवत, रंधायंत्र व ड्रिल यांनी यांतील बहुतेकांची जागा घेतली आहे, तरी दाराच्या शेवटच्या बसवणीला हातरंधाच लागतो. कारागिराची पारख करू इच्छिणाऱ्याने त्याच्या पटाशीची धार पाहावी, हा जुन्या लोकांचा सल्ला आजही निरुपयोगी झालेला नाही.

काम देण्याच्या पद्धती

पहिली पद्धत रोजंदारीची. सुतार व त्याचा मदतनीस यांना दिवसाप्रमाणे मजुरी आणि लाकूड, खिळे, बिजागऱ्या, डिंक हे सर्व घरमालकाचे. दुरुस्ती, जुन्या दारांची बसवणी, माळवदाच्या कड्या बदलणे अशा कामांना हीच पद्धत योग्य आहे, कारण ते किती निघेल हे उघडल्याशिवाय कळत नाही. काम लांबत जाण्याची शक्यता हा तिचा दोष.

दुसरी पद्धत मजुरीच्या ठेक्याची. माल घरमालक आणतो आणि संपूर्ण कामाची किंवा दर चौरस फुटाची मजुरी आधी ठरते. तिसऱ्या पद्धतीत मालासह ठेका असतो. कारागीर सर्व सामान आणून वस्तू तयार करून देतो. घरमालकाला धावपळ नको असते म्हणून ही पद्धत लोकप्रिय आहे, परंतु बहुतेक तक्रारी हिच्यातूनच उद्भवतात. ठरलेल्या रकमेत नफा वाढवण्याचा एकमेव मार्ग हलका माल वापरणे हा असतो, आणि हलका माल सनमायक्याखाली दिसत नाही. ज्या गिऱ्हाइकाला लाकडाची पारख नाही त्याने माल स्वतः घ्यावा व पारख असलेल्याने मालासह ठेका द्यावा, हे उलटे वाटले तरी व्यवहारात खरे ठरते. दुकानाची पावती हाती असली म्हणजे कोणता माल घरात आला याविषयी वाद राहत नाही.

काम गिऱ्हाइकाच्या घरी करायचे की सुताराच्या दुकानात, हाही प्रश्न असतो. घरी काम केल्यास माल डोळ्यांसमोर राहतो, मात्र महिना-दीड महिना भुसा व आवाज सहन करावा लागतो. देव्हारा, पाळणा, चौरंग, झोपाळा अशा सुट्या वस्तू दुकानात आणि भिंतीत बसणारी कपाटे घरी, अशी विभागणी सोयीची पडते. सोलापूरजवळ कुंभारी येथील कामगारांच्या रे नगर वसाहतीत १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या टप्प्यातील १५,००० घरांचे वितरण झाले. अशा आटोपशीर घरांत तयार कपाट कोपरा अडवून बसते; मापाने केलेली मांडणी, पलंगाखालचे खण व दुमडते टेबल यांची उपयुक्तता तेथे विशेष जाणवते.

लाकडाची निवड

सोलापूर जिल्हा वनसंपत्तीने समृद्ध नाही. बाभूळ, कडुनिंब, चिंच व आंबा ही येथील लाकडे. सागवान मात्र बाहेरून येते. विदर्भातील चंद्रपूर-बल्लारशा भाग व कर्नाटकातील दांडेली येथील साग प्रसिद्ध आहे. जुन्या मध्य प्रांतावरून पडलेले ‘सीपी’ हे नाव वखारीत अजून ऐकू येते. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतून आलेला लागवडीचा सागही मोठ्या प्रमाणावर विकला जातो. तो स्वस्त पडतो, पण कोवळ्या झाडाचा असल्यास त्यात पांढरा भाग जास्त असतो.

हा पांढरा भाग हेच निवडीतील मुख्य स्थळ आहे. खोडाचा आतला गडद गाभा टिकाऊ असतो. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन व इतर द्रव्ये असल्याने त्यास वाळवी सहसा लागत नाही. बाहेरच्या पांढरट कडेस मात्र हे संरक्षण नसते. ‘सागवानाला कीड लागत नाही’ या समजुतीने घेतलेल्या चौकटीची एक कड पाच वर्षांत पोकळ होते, त्याचे कारण हेच. गडद रंगाचे पॉलिश लावून ही कड लपवता येते. म्हणून लाकूड नेहमी कोरे असताना, दिवसाच्या उजेडात पाहावे. फळीच्या टोकाशी डोळा लावून लांबीच्या दिशेने पाहिले असता पीळ व बाक लगेच कळतो. लहान, घट्ट बसलेली गाठ चालते. भोवती काळी रेघ असलेली गाठ पुढे निखळते.

दुसरी कसोटी ओलाव्याची. लाकूड सुकताना रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. आणि वार्षिक वलयांच्या दिशेने होणारे आकसणे त्रिज्येच्या दिशेतल्या आकसण्याच्या सुमारे दुप्पट असते. त्यामुळे फळी केवळ लहान होत नाही, ती वाकडीही होते. कोकणाच्या दमट हवेत स्थिर असलेले लाकूड सोलापूरच्या चैत्र-वैशाखात आणखी सुकते आणि सांधे उघडे पडतात. याउलट ऐन उन्हाळ्यात घट्ट मापाने बसवलेले दार मृगाच्या पावसात फुगून चौकटीत अडकते. अनुभवी सुतार उन्हाळ्यात दार बसवताना हेतुपुरस्सर थोडी फट ठेवतो. पावसात अडकलेले दार लगेच रंध्याने घासून घेणाऱ्या घरमालकाला पुढील उन्हाळ्यात त्याच दारातून रस्ता दिसतो. लाकूड आणल्यावर ते निदान काही आठवडे सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळती राहील असे रचून ठेवावे आणि मग कापावे. घाईच्या लग्नसराईत हा नियम सर्वांत आधी मोडला जातो.

स्वतःच्या शेतातील झाड तोडून फर्निचर करण्याची इच्छा ग्रामीण भागात स्वाभाविक आहे. तथापि साग, चिंच, आंबा, जांभूळ, खैर, चंदन आदी झाडांच्या तोडीस महाराष्ट्रात १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्यान्वये परवानगी लागते आणि लाकडाच्या वाहतुकीसाठीही वन विभागाचे नियम आहेत. परवान्याविना तोडलेले लाकूड गिरणीवाला घेत नाही, हा अनुभव अनेकांना झाड आडवे झाल्यानंतर येतो.

प्लायवूड व तत्सम फळ्या

शहरातील बहुतेक कपाटे आता अखंड लाकडाची नसून प्लायवूडची असतात. पातळ पापुद्रे एकमेकांस काटकोनात चिकटवल्यामुळे ते अखंड लाकडाइतके फुगत वा आकसत नाही. भारतीय मानक ब्यूरोची मानके येथे उपयोगी पडतात. आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या, तर आयएस ७१० हे सागरी प्रतीच्या प्लायवूडचे मानक आहे. आयएस १६५९ ब्लॉकबोर्डसाठी व आयएस २२०२ सपाट तयार दारांसाठी आहे. सागरी प्रतीच्या तुकड्यास ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही त्याचे थर सुटता कामा नयेत, अशी कसोटी आहे. ‘वॉटरप्रूफ’ असा नुसता शिक्का म्हणजे हे मानक नव्हे. शिक्क्यात मानकाचा क्रमांक व परवाना क्रमांक असावा लागतो. स्वयंपाकघरात मोरीलगतच्या भागात सागरी प्रत आणि कोरड्या खोलीत साधी प्रत वापरली तर खर्चाचा मेळ बसतो. भुसा व गोंद दाबून केलेले पार्टिकल बोर्ड कोरड्या जागी ठीक असते; त्याची कड एकदा भिजली की फुगते आणि बिजागरीचा स्क्रू पुन्हा धरत नाही.

मोजमाप

लाकूड घनफुटाने विकले जाते. कापलेल्या लाकडासाठी फुटांतील लांबी, इंचांतील रुंदी व इंचांतील जाडी यांचा गुणाकार करून त्यास १४४ ने भागतात. उदाहरणार्थ, ४ इंच रुंद व अडीच इंच जाड लाकडाच्या चौकटीला ७ फुटांचे दोन उभे व साडेतीन फुटांचा एक आडवा, असे साडेसतरा फूट लाकूड लागले, तर १७.५ गुणिले ४ गुणिले २.५ म्हणजे १७५, भागिले १४४, उत्तर सुमारे १.२२ घनफूट. हे गणित वखारीत उभ्या उभ्या करता येण्याजोगे आहे, आणि ते करणाऱ्या गिऱ्हाइकाशी विक्रेता वेगळ्या सुरात बोलतो. गोल ओंडक्यासाठी घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात व लांबीने गुणतात. चार फूट घेराच्या दहा फुटी ओंडक्याचे माप या रीतीने १० घनफूट येते. त्याचे भौमितिक घनफळ सुमारे १२.७ घनफूट असते. मधला फरक कापणीत वाया जाणाऱ्या लाकडापोटी सोडलेला असतो.

कपाटाची मजुरी बहुधा दर्शनी भागाच्या चौरस फुटांवर ठरते. काही कारागीर मात्र आतील कप्पे व बाजू धरून, लागलेल्या फळीचे क्षेत्रफळ मोजतात. दोन्ही रीती प्रामाणिक आहेत. कोणती वापरायची हे न ठरवता केवळ दर ठरवणे हे मात्र भांडणाचे बीज होय. सहा फूट रुंद, सात फूट उंच व दोन फूट खोल कपाट घेतले, तर दर्शनी क्षेत्रफळ ४२ चौरस फूट भरते. त्याच्या दोन बाजू २८, वरची व खालची फळी २४, मधला पडदा १४, तीन फुटी सहा कप्पे ३६ आणि दारे ४२, असे एकूण १४४ चौरस फूट जाड प्लायवूड लागते. पाठीची पातळ फळी निराळी.

प्लायवूडची नेहमीची फळी ८ फूट लांब व ४ फूट रुंद, म्हणजे ३२ चौरस फुटांची असते. १४४ ला ३२ ने भागले की साडेचार येतात. म्हणून पाच फळ्या पुरतील असे घरमालकाला वाटते, आणि सुताराने सहा मागितल्यावर शंकेची पाल चुकचुकते. प्रत्यक्षात सहाच लागतात. दोन बाजूंना एक फळी, वरच्या-खालच्या भागांना एक, मधला पडदा व दोन कप्पे यांना एक, उरलेल्या चार कप्प्यांना एक आणि दारांना दोन. प्रत्येक फळीच्या टोकाला फूट-दोन फुटांचा तुकडा उरतो, तो कप्प्याच्या मापाचा नसतो. करवतीच्या पात्यात जाणारी जाडी वेगळीच. म्हणूनच कपाटाची खोली पूर्ण दोन फूट न ठेवता किंचित कमी ठेवतात. कापणीचा नकाशा आधी कागदावर काढून दोघांनी पाहिला, तर ही शंका उरत नाही, आणि उरलेल्या तुकड्यांतून दोन खण किंवा एक चौरंग निघतो. हे तुकडे कोणाचे, हेही आधीच बोलून घ्यावे.

सांधे व परिष्करण

हाताने घडवलेल्या वस्तूचे आयुष्य तिच्या सांध्यांवर ठरते. एका लाकडाला कुसू काढून ते दुसऱ्याच्या चौकोनी भोकात बसवणे आणि त्यातून लाकडाची किंवा बांबूची खुंटी ठोकणे, हा चौकटी व पलंगांचा मुख्य सांधा. खणांच्या कोपऱ्यांसाठी कबुतराच्या शेपटीसारखा पसरत जाणारा डोव्हटेल सांधा उत्तम, कारण खण ओढताना तो सुटू शकत नाही. केवळ खिळे ठोकलेला खण दोन-तीन वर्षांत पुढची पाटी हातात देतो. पॅनेलच्या दारात मधली फळी खाचेत मोकळी बसवावी लागते. ती डिंकाने पक्की केली तर ऋतुमानाने आकसताना मधोमध चिरते.

पूर्वी चिकटवण्यासाठी जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरस वापरीत. तो दरवेळी गरम करावा लागे. १९५९ मध्ये बाजारात आलेल्या फेव्हिकॉलने ही कटकट संपवली. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवण्याचे पॉलिश आजही देव्हारा, पाळणा यांसारख्या वस्तूंसाठी पसंत केले जाते. त्यावर पाण्याचे डाग पडतात, परंतु दुरुस्ती सोपी असते. मेलामाइन व पीयूचा थर अधिक कठीण असतो. मात्र तो खरवडला गेला तर संपूर्ण भाग पुन्हा करावा लागतो.

करार, उचल व वाद

हा व्यवहार अद्याप बहुधा तोंडी होतो. वहीच्या पानावर का होईना, लिहून ठेवावयाच्या बाबी थोड्या आहेत. वस्तूचे माप व आकृती, लाकडाची किंवा फळीची प्रत व जाडी, बिजागऱ्या व कुलपे कोण आणणार, पॉलिश मजुरीत धरले आहे की नाही, मोजणीची रीत, मुदत आणि पैसे देण्याचे टप्पे. पॉलिशचा मुद्दा सर्वाधिक विसरला जातो. पुष्कळदा सुतार व पॉलिशवाला हे दोन वेगळे कारागीर असतात.

कामापूर्वी दिल्या जाणाऱ्या रकमेस उचल किंवा इसार म्हणतात. उचलीवरून गिऱ्हाईक व कारागीर यांच्यात जेवढे मनोमालिन्य येते तेवढे इतर कशानेही येत नाही. लहान सुताराजवळ भांडवल नसते. एका कामाची उचल आधीच्या कामाच्या उसनवारीत जाते, आणि तो एकाच वेळी तीन घरी काम उघडून ठेवतो. दुसरीकडे, काम पुरे झाल्यावर शेवटचा हप्ता किरकोळ खोट काढून महिनोन्महिने अडकवणारी घरेही कमी नाहीत. मालाइतकी रक्कम सुरुवातीस, मजुरी काम पुढे सरकेल तशी, आणि अल्पसा भाग दारे-खण तपासून झाल्यावर त्याच दिवशी, असे टप्पे दोघांनाही सोसतात.

कायद्याच्या दृष्टीने, मोबदला देऊन करवून घेतलेले सुतारकाम ही सेवा आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तिला लागू होऊ शकतो. या कायद्याने वैयक्तिक सेवेचा करार, म्हणजे मालक-नोकर संबंध, वगळला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये भारतीय वैद्यकीय संघटनेच्या खटल्यात सेवेचा करार व सेवेसाठीचा करार यांतील हा भेद स्पष्ट केला. त्यामुळे मालकाच्या सांगण्याबरहुकूम रोजंदारीवर राबणाऱ्या सुताराविरुद्धची तक्रार टिकणे अवघड असते, तर ठेका घेणाऱ्याविरुद्धची टिकू शकते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करावयाची असते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

कारागिरालाही कायद्याचे संरक्षण आहे, हे कमी जणांना ठाऊक असते. गिऱ्हाइकाने आपले लाकूड सुताराच्या दुकानात देऊन त्यापासून वस्तू करवून घेतली असेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे वाजवी मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क सुताराला असतो. करारात वेगळे ठरले असल्यास गोष्ट निराळी. याच कायद्याच्या कलम १५१ नुसार ते लाकूड स्वतःच्या मालासारखे जपण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. घरी जाऊन केलेल्या कामात मात्र वस्तू गिऱ्हाइकाच्याच ताब्यात असल्याने हा हक्क उरत नाही. पैसे देण्याचा दिवस ठरला नसेल, तर मजुरीचा दावा काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. लिहिलेले पान दाव्यात दोन्ही बाजूंच्या कामी येते.

प्रशिक्षण व कारागिरांची स्थिती

हा व्यवसाय पूर्वी बापाकडून मुलाकडे जाई. १९५० मध्ये सुरू झालेल्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत एक वर्षाचा सुतारकामाचा अभ्यासक्रम आला आणि तो सर्व जातींना खुला झाला. १७ सप्टेंबर २०२३ रोजी आरंभ झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. तीत प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत तारणाविना कर्ज अशी तरतूद आहे. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेला १८ ते ६० वयाचा सुतार महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करू शकतो. या ९० दिवसांचा दाखला देणारा कोणी नसणे, ही घरोघरी फिरून काम करणाऱ्यांची अडचण असते.

या कामातील धोक्यांकडे दोन्ही बाजूंचे दुर्लक्ष होते. गोल करवतीवरील संरक्षक पत्रा कामाच्या सोयीसाठी काढून टाकला जातो आणि बोटे गमावलेले सुतार प्रत्येक वस्तीत भेटतात. लाकडाच्या बारीक भुशास आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले आहे. दीर्घकाळ भुशात काम करणाऱ्यांस नाकाच्या पोकळीचा कर्करोग होण्याचा धोका असतो. बंद खोलीत कापणी व घासणी चालू असताना खिडक्या उघड्या ठेवणे, नाकातोंडाला मुखपट्टी बांधणे आणि घरातील लहान मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवणे एवढे घरमालक विनाखर्च करू शकतो.

राजस्थान व उत्तर प्रदेशातून आलेल्या कारागिरांनी शहरातील कपाटकामाचा मोठा भाग व्यापला आहे. ते गटाने राहतात व काम लवकर उरकतात. स्थानिक सुतारांकडे मुख्यतः चौकटी, देव्हारे, जुन्या दारांची दुरुस्ती आणि ज्या कामासाठी कोणी दुसरा मिळत नाही असे काम येते. उदाहरणार्थ माळवदाची एखादी कुजलेली तुळई वरचे छप्पर न उतरवता टेकू देऊन बदलणे. हे काम कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवले जात नाही, आणि ते जाणणारे बहुतेक सुतार आता वयस्क आहेत.

वर्ग: सोलापूर जिल्हा, बलुतेदार, सुतारकाम, हस्तव्यवसाय